अंगठी डाव्या हातात की उजव्या? आधी ते 'आपल्यात' बाजूला ठेवा

म्युनिकहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. चार प्रश्न आहेत त्यात, पण खरं सांगू का, पहिलाच वाचला आणि माझा चहा गार झाला. त्या लिहितात:

"मुलीचं ठरलंय. मुलगा जर्मन आहे, पण फार गुणी, वरणभात हाताने खातो. डिसेंबरात पुण्याला साखरपुडा, मे महिन्यात इकडे श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे सरकारी नोंदणी कचेरीत, रजिस्टर लग्न आणि मग पुण्यात विधी. घोळ असा की सासूबाई म्हणतात, आपल्यात शुभकार्याला डावा हात पुढे करत नाहीत. न्यू जर्सीची नणंद म्हणते, आपल्यात मुलीची डाव्या आणि मुलाची उजव्या हातात. ग्रुपवर फॉरवर्ड आलं की डाव्या अनामिकेची नस थेट हृदयाला जाते, आपल्या आयुर्वेदात आहे म्हणे. मावशी, आपल्यात नक्की काय असतं? मुलाकडच्यांचं काही नाही, ते ॲडजस्ट करतील."

ताई, मी पेन घेऊन गोल केले. 'आपल्यात' तीनदा, आयुर्वेदातलं धरलं तर चारदा. जुन्या वाचकांना माहितीये की या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे, तर नवीन वाचकांनी जरा सांभाळून घ्या.

आपल्यात म्हणजे कुणात हो? सासूबाईंच्या घरात, नणंदेच्या कॉलनीत, की व्हॉट्सॲपवर? इकडे परदेशात येऊन पंधरा-वीस वर्षं झाली की आपल्याला एक रोगच जडतो, निघताना तिकडे जे शेवटचं बघितलं ते म्हणजे सनातन. मला जडलाय म्हणूनच सांगते.

अंगठीचं बोलू. साखरपुडा या शब्दातच सगळं आहे ना, साखरेचा पुडा. मुलीला कुंकू लावायचं, साडी द्यायची, ओटी भरायची, हातावर साखरेचा पुडा ठेवायचा, आणि गुरुजी असतील तर वाङ्निश्चय, म्हणजे दोन्हीकडच्यांनी तोंडाने दिलेला शब्द. यात अंगठी कुठेय? ती मागाहून आली आणि छान रुळली, मला काही तक्रार नाही, मीही घातलीये. पण मागाहून आलेल्या पाहुणीला घराण्याचे नियम कुठले विचारता? माझ्या जावेने एकदा असाच वाद काढला तेव्हा मी सरळ सोलापूरला फोन लावला सासूबाईंना. त्या म्हणाल्या, "अगं आमच्या वेळी अंगठी कसली, नारळ आणि साखर. मला पहिली अंगठी यांच्या बोनसमधून मिळाली, तेव्हा थोरला चौथीत होता."

बरं कायद्याचं म्हणाल, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ७ आहे, त्यात सप्तपदी आहे, सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण असं लिहिलंय. अंगठीचा उल्लेखही नाही. तुमच्या श्टांडेसआम्टमध्येही दोघांनी हो म्हणायचं असतं आणि सह्या करायच्या असतात, अंगठी नसली म्हणून कुणी परत पाठवत नाही.

आणि ती नस. अहो ती नस इजिप्तवरून रोमला गेली, आपल्याकडून नव्हे. ऑलस गेलियस नावाच्या रोमन माणसाने दुसऱ्या शतकात लिहून ठेवलंय की इजिप्तच्या लोकांना प्रेतं उघडताना म्हणे डाव्या हाताच्या त्या बोटातून निघून हृदयापर्यंत जाणारी एक बारीक शीर सापडली. अशी खास शीर नसतेच, कुठल्याही बोटातलं रक्त शेवटी हृदयाकडेच जातं. इंग्रजांकडेही आधी उजव्या हातात घालायचे, १५४९ च्या त्यांच्या प्रार्थनापुस्तकात डावा हात आला, आणि आपल्या डोळ्यांसमोर डावा हात बसला तो इंग्रज आणि सिनेमा यांच्या कृपेने, असं माझं मत. अनामिकेचं आपलं खरं काही हवंच असेल तर ते वेगळंय. पूजेला बसताना दर्भाचं पवित्रक उजव्या अनामिकेत घालतात, देवाला गंध लावतात ते त्याच बोटाने. ते आहे आपलं. पण त्याचा साखरपुड्याशी काय संबंध?

आता माझं स्वतःचं ऐका. १९८८, सोलापूर, साखरपुडा. माझ्या बोटाचं माप म्हणून आईने दोऱ्याला गाठ मारून पाकिटातून पाठवलेलं. तो दोरा टपालात ओला झाला की आकसला देव जाणे, अंगठी आली ती पेराच्या गाठीवर अडकली. उजवं बोट झालं, डावं झालं, आत्याने तूप लावलं, कुणी म्हणालं साबण आणा, हॉल भरलेला, यांचा चेहरा लालबुंद. शेवटी करंगळीत गेली. मी गुरुजींकडे बघितलं, तर ते पंचांगातून मान वर न करता म्हणाले, "करंगळी पण बोटच आहे, आटपा." फोटोत माझा हात पदराखाली आहे, सगळ्यांना वाटतं लाजत्ये.

एवढं होऊन मी शहाणी व्हायला हवी होते. नाही झाले. धाकट्याचं लग्न पोलंडला, सून तिकडची. मी आठवडाभर त्याच्या कानीकपाळी ओरडत होते, डावा हात, आपल्यात डावा, विसरू नकोस. हो, मीच. ऐनवेळी तिने अंगठी उचलली आणि आमच्या चिरंजीवांनी आज्ञाधारकपणे डावा हात पुढे केला. पुढच्या रांगेत तिची आजी बसलेली, तिच्या तोंडून "ओय" की काय असा आवाज आला आणि पूर्ण खोली गप्प. सुनेने काही न बोलता त्याचा उजवा हात धरला, त्यात घातली, हसली, पुढे चालू. जेवणाच्या वेळी आजीबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. ना त्यांना माझं कळतं ना मला त्यांचं. त्यांनी आपला डावा हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. अंगठी झिजून पार तारेसारखी झालेली, बोट सुजून तिच्या दोन्ही बाजूंनी वर आलेलं. मग त्यांनी नवऱ्याचा पाकिटातला फोटो काढून दाखवला. तिकडे लग्नाची अंगठी उजव्या हातात, आणि नवरा किंवा बायको गेली की ती डाव्या हातात घेतात, हे मला त्या टेबलावर कळलं. म्हणजे मी माझ्या मुलाला भर लग्नात विधुर करून ठेवत होते! मला तेव्हा जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

म्हणून तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याचा मला सगळ्यात राग आला. "मुलाकडच्यांचं काही नाही, ते ॲडजस्ट करतील." विचारलंत का तुम्ही विहीणबाईंना? न विचारता ठरवून टाकलंत. आपल्या मुलीच्या सासरच्यांनी आपल्याबद्दल असं लिहिलं असतं तर आपण चार दिवस जेवलो नसतो.

आणि गंमत बघा, तुमचं उत्तर तुमच्या ट्रामध्ये रोज समोर बसलेलं असतं. जर्मनीत राहता, समोरच्या माणसाचा हात कधी बघितला नाहीत? तिकडे बहुतेक जण साखरपुड्याची अंगठी डाव्या हातात घालतात आणि लग्नाची उजव्या. कित्येक जोडपी तर एकच साधी गोल अंगठी, खडा नाही काही नाही, साखरपुड्याला डाव्या हातात घालतात आणि लग्नाच्या दिवशी तीच उजव्या हातात घेतात. म्हणजे डिसेंबरात पुण्यात दोघांच्याही डाव्या हातात घाला, नणंदेचं निम्मं झालं. मे महिन्यात लग्नाची अंगठी उजव्या हातात येईल, सासूबाईंचं झालं. सासूबाईंना डिसेंबरातही डावा हात बघवणार नसेल तर त्यांच्या हातून मुलीच्या उजव्या हातावर साखर ठेवून घ्या, ओटी त्यांना भरू द्या. त्यांना अंगठीचं काही पडलेलं नाहीये हो, आपल्याला कुणी विचारत नाही याचं पडलंय.

पण हे सगळं विहीणबाईंना फोन करून झाल्यावर. त्यांच्याकडे काही वेगळं असेल तर तसं. कारण सगळा युरोपही एकसारखा नाही, नॉर्वेत उजवा तर शेजारी स्वीडनमध्ये डावा, ग्रीस-रशियात उजवा, स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी उजवा पण कॅटलोनियात डावा, आणि ब्राझीलवाले तर बरोब्बर जर्मनीच्या उलटे, साखरपुड्याला उजवा, लग्नाला डावा. तिकडे सून किंवा जावई शोधलेल्या इतर वाचकांनीही ऐकून ठेवा, मला पत्र लिहायच्या आधी व्याह्यांना लिहा.

हाताचं ठरवताना एक स्वयंपाकघरातलंही बघा. उजव्या हाताने काम करणाऱ्या बाईच्या उजव्या हातात खड्याची अंगठी म्हणजे ताप आहे. कणीक मळली की कोंदणात पीठ, ते वाळलं की खड्याखाली पांढरी रेघ, मग जुना टूथब्रश आणि कोमट पाणी घेऊन बसा. खडा डाव्या हातात, साधी उजव्यात, हे जर्मनांचं मला त्यासाठीही पटतं.

बाकीचे प्रश्न. सोनं पुण्यातून की तिकडून? रोज घालायची असेल तर २२ कॅरेट, म्हणजे आपलं ९१६ चं सोनं मऊ पडतं, ओरखडे येतात, गोलाचा लंबगोल होतो. तिकडे ५८५ किंवा ७५० मिळतं, म्हणजे १४ आणि १८ कॅरेट, ते टिकतं. सासूबाई नाक मुरडतील, मुरडू द्या. दागिना कुठूनही घ्या, पावती जवळ बाळगा.

मंगळसूत्र ऑफिसला घालायचं का, हे मुलीला विचारा, मला काय विचारता.

साखरपुड्याला २०० माणसं जास्त होतात का? होतात. तुम्ही ऐकणार नाही हे मला माहितीये.

आणि माप, ताई, माप! दोरा नको. मुलाला तिकडच्याच सोनाराकडे पाठवा, ज्या हातात घालायची त्याच हाताचं माप घ्या, कारण ज्या हाताने आपण काम करतो त्याची बोटं बहुधा जरा जाड असतात. थंडीतून कुडकुडत आल्या आल्या नको, बोटं आकसलेली असतात, दुकानात दहा मिनिटं बसून हात गरम झाले की मग. एकच अंगठी डिसेंबरात डाव्या आणि मे महिन्यात उजव्या हातात जाणार असेल तर दोन्ही बोटांची मापं घ्या आणि दोन्हीत चालेल असं बघा. तिकडचं माप मिलिमीटरमध्ये असतं आणि पुण्याच्या सोनाराचे नंबर वेगळे, त्यामुळे नुसता आकडा कळवू नका, आतला व्यास मिलिमीटरमध्ये लिहून पाठवा. आणि हे दिवाळीच्या आत करा, नंतर लग्नसराई लागली की सोनार फोन उचलत नाही.