सिम नाही, नेट नाही. मग टोकनवरचा कोड सर्व्हरला कळतो कसा?

तुमचा प्रश्न असा: कंपनीने किल्ल्यांना अडकवायचं एक छोटं टोकन दिलंय. त्यात सिम नाही, वायफाय नाही. तरी दर अर्ध्या मिनिटाला त्यावर नवा सहा आकडी कोड येतो आणि लॉगिन करताना सर्व्हर तो बरोबर ओळखतो. मग कोण कोणाला कळवतं?

कोणीच कळवत नाही. टोकन आणि सर्व्हर दोघंही तोच आकडा आपापल्या जागी बसून काढतात. त्यासाठी दोघांकडे दोन गोष्टी सारख्या लागतात. पहिली म्हणजे एक गुप्त किल्ली, म्हणजे एक लांबलचक रँडम संख्या. ती सहसा कारखान्यातच टोकनमध्ये भरतात आणि तिची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर जाते. दुसरी गोष्ट घड्याळ. लॉगिनच्या यंत्रणा सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, तरी एवढ्या थोडक्या सामग्रीत हे साधतं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आधी वेळेचं बघू. ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले ते मोजायचे, ३० ने भागायचं आणि बाकी सोडून द्यायची. १५ जानेवारी २०२७ रोजी आपल्याकडे दुपारचा दीड वाजेल तेव्हा बरोबर १८० कोटी सेकंद झालेले असतील. भागिले ३० म्हणजे ६ कोटी. पुढचे ३० सेकंद हाच आकडा चालेल, मग ६ कोटी १. मोजणी ग्रीनिचच्या वेळेवर असल्यामुळे तुम्ही पुण्यात असा की दुबईत, काही फरक पडत नाही.

हा आकडा आणि गुप्त किल्ली एचमॅक नावाच्या गणिती प्रक्रियेत घालतात. बहुतेक ठिकाणी ती एसएचए-१ या माहिती घुसळून ठरावीक लांबीचा निकाल देणाऱ्या सूत्रावर चालते आणि २० बाइटचा निकाल देते (एक बाइट म्हणजे आठ बिट, म्हणजे ० किंवा १ असे आठ अंक). त्या निकालावरून किल्ली उलटी शोधून काढता येत नाही. ६ कोटीच्या जागी ६ कोटी १ घातलं, तर सगळा निकाल बदलतो. एसएचए-१ चा भंग २०१७ मध्ये दाखवला गेला हे खरं, पण तो वेगळ्या प्रकारचा होता. त्याने हे कोड ओळखता येत नाहीत.

आता २० बाइटमधून सहा अंक कसे काढायचे? निकालाच्या शेवटच्या बाइटचा खालचा अर्धा भाग बघायचा. तो ० ते १५ मधला एक आकडा असतो. सुरुवातीपासून तितके बाइट सोडून पुढचे चार उचलायचे, त्यातला पहिला बिट शून्य करायचा आणि तयार झालेल्या संख्येचे शेवटचे सहा अंक घ्यायचे. म्हणजे कुठून उचलायचं हेही निकालच ठरवतो. आरएफसी ४२२६ या डिसेंबर २००५ च्या मानकातल्या (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे दस्तऐवज) उदाहरणात शेवटच्या बाइटचा तो अर्धा भाग १० दाखवतो, तिथून उचललेल्या बाइटची संख्या १३५७८७२९२१ होते आणि कोड येतो ८७२९२१.

त्या मानकात वेळ नव्हतीच, नुसती मोजणी होती: बटण दाबलं की एक पुढे. घरातलं पोर बटणाशी खेळलं की टोकन पुढे आणि सर्व्हर मागे. म्हणून सर्व्हरला पुढचे काही कोडही तपासून बघावे लागत. मे २०११ च्या आरएफसी ६२३८ ने मोजणीच्या जागी वेळ बसवली, बाकी गणित तेच ठेवलं. प्रोग्रामिंग येत असेल तर स्वतः करून बघा. किल्ली म्हणून १२३४५६७८९०१२३४५६७८९० ही अक्षरं घ्या, मोजणी १ द्या, २८७०८२ आलं पाहिजे. नव्या पद्धतीत १९७० चा ५९ वा सेकंद दिला तरी तेच येतं, कारण ५९ भागिले ३० म्हणजे १.

टोकनमधलं क्वार्ट्झचं घड्याळ महिन्याकाठी थोडं सरकतं. म्हणून सर्व्हर सहसा एक मागचा आणि एक पुढचा कोडही चालवून घेतो, आणि हे टोकन किती सरकलंय ते लक्षात ठेवतो. फार दिवस ड्रॉवरमध्ये पडलेलं टोकन कधी नाकारलं जातं, ते यामुळेच. वापरलेला कोड मात्र दुसऱ्यांदा चालता कामा नये. आणि सहा अंक म्हणजे दहाच लाख शक्यता, त्यामुळे चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा हवीच.

सगळी सुरक्षा त्या किल्लीत आहे, आणि लोकांचं दुर्लक्ष होतं ते नेमकं तिच्या प्रतीकडे. सिक्युअरआयडी हे आरएसए कंपनीचं प्रसिद्ध टोकन. त्याचं सूत्र वेगळं आहे, पण तत्त्व हेच. मार्च २०११ मध्ये आरएसएवर हल्ला झाल्याचं उघड झालं. सुरुवात एका कर्मचाऱ्याने उघडलेल्या एक्सेल फाइलपासून झाली होती. टोकनशी संबंधित माहिती चोरीला गेली, पुढे लॉकहीड मार्टिन या अमेरिकन संरक्षण कंपनीवरच्या हल्ल्यात ती वापरली गेली, आणि आरएसएला ग्राहकांना टोकन बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली. लोकांच्या खिशातल्या टोकनना कोणी हातही लावला नव्हता.

फोनवरची ऑथेंटिकेटर ॲप हेच गणित करतात. तिथे सुरुवातीला जो क्यूआर कोड स्कॅन करता, त्यात ती किल्ली उघडी लिहिलेली असते. त्याचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती. बँकेचा एसएमएसने येणारा ओटीपी मात्र वेगळा. तो बँकेकडे तयार होऊन तुमच्याकडे पाठवला जातो, म्हणून तुमच्या नावाने दुसरं सिम काढणाऱ्याच्या हाती लागू शकतो. टोकनला तो धोका नाही.

पण आपला कोड कोणत्या साइटवर टाकला जातोय, हे टोकनला कळत नाही. खोट्या पानावर टाकलात, तर समोरचा ३० सेकंदांच्या आत तो खऱ्या साइटवर वापरू शकतो. हे थांबवायचं तर फिडो या लॉगिनच्या मानकाप्रमाणे चालणारी यूएसबी की लागते, जिचं उत्तर साइटच्या पत्त्याशी बांधलेलं असतं, त्यामुळे खोट्या पानावर ते चालत नाही. कंपनी देत असेल तर तीच मागून घ्या. आणि टोकन हरवलं तर त्याच दिवशी आयटीला कळवा. सर्व्हरवरची त्याची नोंद त्यांनी रद्द केली, की सापडणाऱ्याच्या हातातले कोड बदलत राहतील, पण चालणार नाहीत.