‘हे डॉक्टरले कसं सांगाचं?’

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नागपूरला कळमन्याच्या मार्केटात संत्र्याच्या आडतीवर हिशेब सांभाळणारा चाळिशीतला माणूस. दोन महिन्यांपूर्वी नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्रॅम सुरू झालेलं. माणसात आला म्हणेस्तोवर पुन्हा चिडचिड, चक्कर, आणि मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. बायकोनं पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढून माझ्या समुपदेशनाच्या टेबलावर ठेवली. दहातली एकच गोळी फोडलेली.

“यांच्या हिशेबाच्या वहीत सापडली, मॅडम. रोज विचारते, घेतली का? तर हो म्हणतात.”

तो मान वर करेना. मी ताईंना थोडा वेळ बाहेर बसवलं. बऱ्याच वेळानं तो बोलला.

“गोळीनं मन शांत झालं, पण रात्री काहीच जमत नाही. वाटलं, मायातच खोट आली. हे डॉक्टरले कसं सांगाचं? मागं लाइन लागली असते.”

हा प्रश्न मी फार ऐकते. बायका तर तोही विचारत नाहीत, मुकाट्यानं गोळी बंद करतात. या जातीच्या औषधांनी कामेच्छा कमी होणं, तृप्तीला उशीर लागणं हे नेहमी आढळतं आणि डॉक्टरांना ते माहीत असतं. तरी ते विचारत नाहीत, पेशंट सांगत नाही, आणि उपचार तुटतो. मला याचं फार वाईट वाटतं.

पण नैराश्यातही इच्छा मरते. म्हणून मी त्याला कॅलेंडरवर मागे नेलं. पोळ्याच्या वेळी मन उदास होतं, पण ‘तसं’ काही नव्हतं. गोळी सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर बिघडलं. हाच क्रम डॉक्टरांच्या कामाचा असतो. गोळी एकदम सोडल्यानं चक्कर येते, करंट बसल्यासारखं होतं, हेही मी सांगितलं. मात्र त्याचा त्रास त्यामुळेच आहे की आजार उलटला आहे, ते डॉक्टरच ठरवणार.

त्याच्या परवानगीनं ताईंना आत बोलावलं. त्यानं स्वतः सांगितलं. त्या आधी रडल्या, मग म्हणाल्या, “मले वाटलं, दुसरी कोणी आहे.” इतके दिवस दोघंही एकेकटे हे ओझं वाहत होते.

तोंडानं जमणार नव्हतं, म्हणून एका कागदावर तीन ओळी लिहिल्या: गोळी कधी सुरू केली, त्रास कधी सुरू झाला, गोळी कधी सोडली. तो कागद त्यानं डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टरांनी वाचला, चार प्रश्न विचारले आणि औषध बदललं. रागावले नाहीत.

पुढच्या भेटीत मी त्याच्यासमोर औषधांच्या दुष्परिणामांचा मराठी फॉर्म ठेवला. अशा दुष्परिणामांची नोंद ठेवणारा केंद्र सरकारचा कार्यक्रम २०१० पासून चालतो, हा फॉर्म त्याचाच. त्याचं समन्वय केंद्र गाझियाबादला आहे. पेशंट स्वतः कळवू शकतो, १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवरही. त्रास औषधानंच झाला हे सिद्ध करावं लागत नाही, नुसता संशयही पुरतो.

“डॉक्टरवर केस होते काय?” त्यानं विचारलं.

“नाही दादा. ही माहिती औषधाची, डॉक्टरांची तक्रार नाही.”

“अन् माझं नाव?”

“आद्याक्षरं लिहायची. ओळख गुप्त राहते.”

त्यानं दोन अक्षरं लिहिली, मग पेन ताईंकडे सरकवलं. स्ट्रिपवरचं बारीक छापलेलं नाव त्याला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं.