प्लायवूडसाठी राखीव पैशाला हात लावावा का?

प्रश्न: स्वतःच्या घरात किचनची कपाटं करायची आहेत. पार्टिकल बोर्डपेक्षा प्लायवूडची शीट दुप्पट महाग पडते. सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम अडीअडचणीसाठी बाजूला ठेवली आहे. त्यातून दोन महिन्यांची काढू का?

उत्तर: ती रक्कम मोडू नका, आणि प्लायवूडही पूर्णपणे सोडू नका.

शीट दुप्पट महाग म्हणून किचन दुप्पट महाग होत नाही. समजा पार्टिकल बोर्डात एकूण खर्च १०० येतो आणि त्यात बोर्डाचे ३० आहेत. मजुरी, लॅमिनेट, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल यांचा खर्च तोच राहतो. म्हणजे सगळं प्लायमध्ये केलं तर १३०, आणि निम्म्याच शीट प्लायच्या घेतल्या तर ११५.

त्या निम्म्या कुठे लावायच्या? ओट्याखाली, आणि सिंकखाली तर नक्कीच. पार्टिकल बोर्ड म्हणजे दाबून चिकटवलेला भुसा आणि लाकडाचे बारीक तुकडे. कडेतून पाणी शिरलं की तो फुगतो, वाळल्यावर मूळ जाडीवर येत नाही आणि बिजागरीचे स्क्रू सैल होतात. दुरुस्तीचा खरा खर्च तिथे आहे: ओटा त्या कपाटांवरच टेकलेला असेल तर तोही उचलावा लागतो, नळजोडणी सोडवावी लागते, मजुरी पुन्हा द्यावी लागते. आज वाचवलेले १५ एका गळतीत जातील. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे तो आकार टिकवतो आणि स्क्रू घट्ट धरतो.

मात्र कोटेशनमध्ये नुसतं ‘प्लाय’ लिहिलेलं मान्य करू नका. साधा युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद ओलाव्यात सुटतो, फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा टिकतो. सिंकखाली पहिल्या प्रकारचा प्लाय लावणं म्हणजे जास्त पैसे देऊन तीच धास्ती विकत घेणं. गोंदाचा प्रकार आणि जाडी (सांगाड्याला सहसा १८ मिमी) लेखी घ्या. कापलेल्या सगळ्या कडा, आतल्यासुद्धा, बंद करून घ्या.

वरची कपाटं कोरडी राहतात, तिथे चांगला प्री-लॅमिनेटेड (कारखान्यातच लॅमिनेट चिकटवलेला) पार्टिकल बोर्ड चालेल. फळ्या मात्र फार लांब ठेवू नका, वजनाने वाकतात.

हे जास्तीचे १५ लॉफ्ट आणि एखादं उंच कपाट पुढे ढकलून निघतात का ते आधी पाहा. ती कामं सहा-आठ महिन्यांनी पगारातून करता येतील. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर जी रक्कम लागेल, ती कपाटात अडकवू नका. म्हणून कंत्राटदाराकडून खालच्या आणि वरच्या कपाटांचं कोटेशन वेगवेगळं मागा.