इंग्रजीत ‘केएन’ने सुरू होणारे शब्द कोणते, आणि त्यातला ‘के’ गप्प का?

तुम्ही या जोडीचे शब्द अर्थासकट मागितलेत आणि वर विचारलंय, की के म्हणायचाच नाही तर लिहायचा कशाला. मी भाषेचा माणूस नाही, आयटीआय केलेला टर्नर आहे, म्हणजे लेथ या यंत्रावर धातू कातणारा. पण या के-एनशी माझं जुनं वैर. पहिल्याच वर्षी जर्नलमध्ये ‘नर्लिंग’ सरळ एनपासून लिहिलं आणि सरांनी त्याभोवती लाल गोल काढला. नर्लिंग म्हणजे लेथवर फिरणाऱ्या जॉबवर, म्हणजे धातूच्या तुकड्यावर, खरबरीत जाळी उमटवणं, पकड सुटू नये म्हणून. मायक्रोमीटर या बारीक मापाच्या साधनाच्या फिरवायच्या मुठीवर असते ती.

पुढे लक्षात आलं, वर्कशॉप या शब्दांनी भरलेलं आहे. फिरवायची गोल मूठ म्हणजे नॉब. इंजिन आतून ठोके देत असेल तर मेकॅनिक म्हणतो ‘नॉकिंग होतंय’. नॉक म्हणजे ठोकणे, दार वाजवणे. ड्रॉइंगच्या तासाला नकल जॉइंट काढायला लागतो. नकल म्हणजे बोटाचा सांधा. दोन रॉड एका पिनेवर जोडले की बोटासारखे वाकतात, म्हणून ते नाव.

घरातले शब्द तुम्हाला माहीतच असतील: नी म्हणजे गुडघा, नील म्हणजे गुडघे टेकणे, नाइफ म्हणजे सुरी, नॉट म्हणजे गाठ, निट म्हणजे विणणे. शेवटचे दोन एकाच कुळातले, कारण विणकाम म्हणजे गाठीच की. नीड म्हणजे कणीक मळणे; ‘गरज’वाल्या नीडला के नसतो आणि त्यात दोन ई येतात. मुलं इथे हमखास फसतात. नॅक म्हणजे हातोटी, नोल म्हणजे टेकाड, नॅपसॅक म्हणजे पाठीवरची पिशवी, नेल म्हणजे कुणी गेल्यावर वाजवतात तो घंटेचा टोल.

नॉटचा दुसरा अर्थ जहाजवाल्यांचा. ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी जहाजामागे सोडायची आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. घड्याळ 28 सेकंदांचं, दोन गाठींमध्ये 47 फूट 3 इंच. आजही एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर.

सगळ्यात मजेशीर जोडी नाइट आणि नेव्ह. जुन्या इंग्रजीत दोन्हींचा अर्थ पोरगा, हरकाम्या. एक पुढे घोड्यावर बसून सरदार झाला, दुसरा लुच्चा ठरला. पत्त्यातला आपला गुलाम तो हाच नेव्ह. कोपऱ्यात त्याची के-एन ही खूण राजाच्या के-शी गल्लत करायची, तेव्हा जॅक हे नाव पुढे आलं. बुद्धिबळातही तेच: घोड्याला इंग्रजीत नाइटच म्हणतात, पण के राजाने अडवलेला, म्हणून चाली लिहिताना घोड्याला एन.

आता के गप्प का? तो मुळात गप्प नव्हताच. पूर्वी इंग्रज खरोखर क्नी, क्नाइट असं काहीसं म्हणत. जर्मन लोक गुडघ्याला आजही क्नी म्हणतात. इंग्लंडमध्ये छपाई आली 1476 मध्ये, कॅक्स्टन या पहिल्या इंग्रज मुद्रकाबरोबर, तेव्हा के शाबूत होता आणि स्पेलिंग हळूहळू त्याच रूपात घट्ट झालं. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेकांच्या तोंडून के गळला, कागदावर तेवढा उरला. आपण नाही का स्टेशनचं ठेसन केलं, तसंच. फरक एवढाच, की ठेसन म्हणणारा गावंढळ ठरतो आणि नाइफ म्हणणारा सुशिक्षित. म्हणजे पाचवीत ‘क्नाइफ’ वाचून वर्गाचं हसं झालेला मी चुकलो नव्हतो, फक्त तीनेकशे वर्षं उशिरा आलो होतो.

आणि हा के काढून टाकला तर एक गंमत हरवेल. जाणणे या अर्थाचा नो घ्या. तो आणि संस्कृतचा ज्ञा सख्खे नात्यातले. तसंच नी आणि जानु. आजानुबाहू म्हणजे गुडघ्यापर्यंत हात पोचणारा, त्यातला जानु. दोन्हींच्या मूळ भाषेत ग-सारखा ध्वनी होता, इंग्रजी-जर्मनच्या शाखेत त्याचा क झाला, संस्कृतात ज. म्हणून तो न उच्चारलेला के दिसला की मला आपला ज्ञ आठवतो. ज्ञ तरी आपण लिहितो तसा कुठे म्हणतो? मराठीत द्न्य, हिंदीत ग्य, गुजरातीत ग्न.

मुलांना शिकवत असाल तर एवढं सांगा, की बाहेरून आलेल्या नावांत के जिवंत असतो. इस्रायलची संसद क्नेसेट, नेसेट नाही. आणि 1016 ते 1035 इंग्लंडवर राज्य केलेल्या डॅनिश राजाचं नाव क्नूट. तिथे के-ऐवजी सी लिहायचे, पण जोडाक्षर तेच. नंतरच्या इंग्रजांना ते जड गेलं, त्यांनी मध्ये ‘अ’ घुसवून त्याचा कन्यूट केला.