मुंबईतल्या सरकारी कार्यालयात सचोटीनं नोकरी निभते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लिपिक म्हणून नुकतेच रुजू झालात. काम झाल्यावर लोक ‘खुशीनं’ काहीतरी देऊ पाहतात, शेजारच्या टेबलावर ते घेतलंही जातं. साहेब काही गोष्टी तोंडीच करायला सांगतात आणि न घेणाऱ्याची बावळट म्हणून गणना होते. अशात नोकरी कशी निभवायची?

निभते. मुंबईत राज्य शासनाच्या नोकरीत मी लिपिक म्हणून लागलो आणि कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही. पण नव्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही ती गोष्ट आधी: पैसे न घेतल्यानं निम्मंच काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे फाईल न अडवणं.

पानसुपारीसुद्धा न घेणारे काही लोक मी जवळून पाहिलेत. त्यांच्या टेबलावर अर्ज गेला की अर्जदाराचा जीव टांगणीला. पहिलं पत्र जायचं, ‘भाडेकराराची प्रत जोडावी’. तो बिचारा अंबरनाथहून रजा टाकून, गर्दीची लोकल पकडून यायचा आणि प्रत देऊन जायचा. पंधरवड्यानं दुसरं पत्र, ‘प्रतीवर स्वसाक्षांकन नाही’. मग तिसरं, ‘प्रतिज्ञापत्र विहित नमुन्यात नाही’. तिन्ही त्रुटी पहिल्याच दिवशी दिसत होत्या हो! तिसऱ्या खेपेला खाली चहाच्या टपरीवर उभा असलेला एजंट त्याला गाठतो, ‘काका, किती चकरा मारणार? द्या इकडे कागद.’ पुढे त्या पैशाचे कुठे किती वाटे होतात ते तोच जाणे. आमच्या स्वच्छ बाबूंच्या अंगाला एक रुपया लागलेला नाही, पण एजंटाचं दुकान चालतं ते त्यांच्याच जिवावर.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या. अर्ज हातात आला की तो शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवा. आवक क्रमांकानुसार काम करा, मधला अर्ज वर काढू नका. कुणी विचारलं की ‘फाईल कुठंय’ हे खरं सांगा. ‘साहेबांकडे आहे’ हे उत्तर तुमच्याच कपाटातल्या फाईलला देऊ नका.

कायदाही तेच सांगतो. बदल्या आणि दफ्तरदिरंगाईचा २००५ चा कायदा बहुतेकांना फक्त बदलीपुरता आठवतो, पण त्यातच लिहिलंय की सर्वसाधारण फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात सबळ कारणाशिवाय मुदत चुकवणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली तेव्हा कलम ७ मध्ये जे उदाहरण घातलं ते अगदी आपल्या टेबलावरचं आहे: रेशनकार्डाचा नेहमीचा अर्ज वेळेत निकाली काढण्यासाठी पाच हजार मागणारा कर्मचारी. नियमबाह्य काम नाही, नुसतं ‘वेळेत’. तरी तो गुन्हाच.

‘खुशी’चंही तिथंच उत्तर आहे. काम नियमात बसत होतं, आधीच झालं होतं, मागितलंही नव्हतं, या सबबी चालत नाहीत. पगाराबाहेरचा लाभ कामापोटी घेतला की संपलं. त्याच दुरुस्तीनं देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याला देणं भाग पडलं, त्यानं सात दिवसांत तक्रार केली तरच तो सुटतो. हे तुम्हाला नाही म्हणायला फार उपयोगी पडेल. ‘काका, माझी नोकरी जाईल आणि तुमच्यावरही केस होईल, ठेवा ते खिशात’ असं हसून म्हटलं की माणूस दुखावत नाही. दिवाळीत मिठाईचा बॉक्स टेबलावर ठेवून लोक सटकतात. जिन्यापर्यंत मागे जावं लागलं तरी जा, पण तो परत करा. काजूकतलीच्या थराखाली काय असतं ते घरी जाऊन कळण्यात अर्थ नाही.

‘तक्रारदार फुटला की केस पडते’ असं कँटीनमध्ये छातीठोकपणे सांगणारे भेटतील. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलंय की तक्रारदार फितूर झाला किंवा हयात नसला तरी लाचेची मागणी आणि स्वीकार परिस्थितीजन्य पुराव्यानं सिद्ध होऊ शकतात.

आणखी एक. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला लाच घेताना पकडायच्या सापळ्यासाठी पंच, म्हणजे साक्षीदार, लागतात आणि ते बहुधा सरकारी कर्मचारीच असतात. पंच पुरवा म्हणून कार्यालयाला पत्र आलं की सगळ्यांची पोटं दुखू लागतात. तुम्हाला पाठवलं तर जा. मी एकदा गेलो होतो. नोटांचे क्रमांक आमच्यासमोर लिहून घेतले, वर अँथ्रासीनची पावडर लावली. साध्या उजेडात काही दिसत नाही. नंतर अतिनील दिवा धरला तेव्हा त्या माणसाची बोटं, शर्टाचा खिसा आणि ड्रॉवरची मूठ निळसर चमकली. घेणारा वयानं माझ्याएवढाच होता आणि सारखा एकच वाक्य म्हणत होता, ‘मी मागितले नव्हते.’ सापळ्याआधी झालेल्या पडताळणीत त्यानं पैसे मागितल्याचं रेकॉर्डिंग पलीकडच्या खोलीत होतं.

आता तोंडी आदेश. खरे प्रामाणिक लोक अडकतात ते इथं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ३ नीट वाचा. वरिष्ठांचे निर्देश शक्यतो लेखी असावेत आणि तोंडी दिले तर मागाहून त्यांना लेखी दुजोरा मिळावा, हे त्यात आहे. पण नियमाचं पुस्तक घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जाऊ नका, उगाच वैर होईल. ‘होय साहेब, सादर करतो’ म्हणा आणि टिपणी लिहा: ‘मा. उपसंचालक यांनी आज दूरध्वनीवरून दिलेल्या निर्देशानुसार प्रस्ताव पुनश्च सादर. तथापि पूर्वीच्या टिपणीतील परिच्छेद ४ मधील त्रुटीची पूर्तता अद्याप झालेली नाही. आदेशार्थ सादर.’ आवाज न चढवता सगळं सांगून झालं. बहुतेक वेळा फाईल ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत येते आणि चर्चेत तो विषय आपोआप मावळतो. नाहीच मावळला, तर साहेब स्वतःच्या सहीनं आदेश देतील. मग जबाबदारी त्यांची.

नुसतं ‘चर्चेनुसार सादर’ मात्र कधी लिहू नका. पाचेक वर्षांनी विभागीय चौकशी लागते तेव्हा चर्चा कुणाशी आणि काय झाली हे कुणालाच आठवत नसतं, खाली सही तेवढी तुमची असते. ई-ऑफिसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या फाईलीत, पुढे पाठवलेली टिपणी मागाहून बदलता येत नाही, तारीख-वेळेसकट राहते, आणि माहिती अधिकारात लोक टिपणीभागही मागतात. याचा धाक वाटू देऊ नका, तोच तुमचा साक्षीदार आहे. पण म्हणून जे तुमच्या अधिकारात आहे तेही ‘मार्गदर्शन व्हावे’ म्हणून वर ढकलू नका. तेही नियम ३ ला धरून नाही, आणि अर्जदार पुन्हा टपरीवर जातो.

मुंबईचा खरा मोह पाकिटापेक्षा घराचा. पगारात बदलापूरलाही दमछाक होते, अशात ज्याची फाईल तुमच्याकडे आहे असा कुणी सोसायटीत ‘सभासद करून घेतो’ म्हणतो. कुलाब्याच्या ‘आदर्श’ सोसायटीची ३१ मजली इमारत त्यासाठी लक्षात ठेवा. परवानग्यांच्या साखळीतल्या काहींचे नातेवाईक सभासदांच्या यादीत असल्याचे आरोप झाले आणि २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. तुमच्या टेबलावर मेहुण्याच्या कामाची फाईल आली तरी वरिष्ठांना लिहून कळवा आणि ती दुसऱ्याकडे द्या.

राहिले सहकारी. कुणी काय घेतं याची चर्चा करू नका, उपदेश तर मुळीच नको. त्यांचं टायपिंग अडलं तर करून द्या, रजेवर गेले तर टेबल सांभाळा. वाटा पुढे केला तर ‘मला नको’ एवढंच म्हणा. कारण सांगितलं की वाद सुरू होतो. सहा-आठ महिन्यांत विचारणं बंद होतं. तुमच्यासमोर बोलणं थांबेल, कधी सहलीचं बोलावणं येणार नाही, तेवढं सोसावं लागेल. मुदतीआधी बदली झालीच, तर आदेशात कारण दिलंय का ते पाहा. २००५ च्या त्याच कायद्याच्या आधारे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, दाद मागता येते आणि कारणाशिवाय केलेल्या बदल्या तिथं रद्द झालेल्या आहेत. त्यासाठी सेवापुस्तकाची प्रत आणि आलेले सगळे आदेश आजपासूनच एका फायलीत लावून घरी ठेवा.