जुनी बाइक घेतली आहे. ६० च्या पुढे थरथरते आणि खडखड येते. इंजिन गेलंय का?

इंजिन गेलंय असं लगेच धरू नका, आधी चाकं आणि चेन तपासा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर त्याच वेगात क्लच दाबून ॲक्सिलरेटर सोडा. इंजिनचे फेरे उतरतात, चाकं मात्र तशीच फिरत राहतात. म्हणून थरथर कायम राहिली तर दोष बहुधा टायर, रिम किंवा व्हील बेअरिंगचा. थांबली तर इंजिनचे माउंटिंग बोल्ट (इंजिन गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारे) बघा, जुन्या गाडीत ते हमखास दुर्लक्षित असतात. चाक फिरवत चेन चार-पाच जागी दाबून पाहा: कुठे ताठ, कुठे ढिली असेल तर चेन आणि स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं) असा अख्खा सेट बदला. गाड्या दुरुस्त करताना मी हाच क्रम पाळतो. फक्त, इंजिनच्या खालच्या भागातून जड ठोके येत असतील तर ही चाचणीही नको, गाडी तिथेच बंद करा.