पेनिसिलिन बॅक्टेरियाची भिंत फोडत नाही, भिंत बॅक्टेरिया स्वतःच कापतो

तुम्ही विचारलंय की पेनिसिलिन जर बॅक्टेरियाची भिंत फोडतं तर पावसात आमच्या सिंधुदुर्गात लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, लेप्टोस्पायरा नावाच्या बॅक्टेरियाचा ताप) सगळ्यांना डॉक्सीच्याच (डॉक्सिसायक्लिन) गोळ्या का वाटतात, पेनिसिलिन का नाही. मी मायक्रोबायोलॉजी शिकलोय आणि इथल्याच एका लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, म्हणून गोळ्या कुणी कधी घ्यायच्या ते मला विचारू नका, पण आत काय घडतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे पेनिसिलिन काही फोडत बिडत नाही. बॅक्टेरियाच्या भोवती पेप्टिडोग्लायकनची पिशवी असते, ती भिंतीपेक्षा मासे पकडायच्या जाळ्यासारखी जास्त आहे, साखरेचे लांब धागे आणि त्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे तुकडे, जिथे जोडले तिथे गाठ. आतलं द्रावण बाहेरच्यापेक्षा घट्ट, त्यामुळे पाणी सारखं आत घुसू बघतं आणि जाळं कायम ताणलेलं असतं. स्टॅफिलोकोकससारख्या जाड भिंतीच्या बॅक्टेरियात हा दाब वातावरणाच्या वीसेक पट सांगतात, म्हणजे गाडीच्या टायरपेक्षा कितीतरी जास्त.

आता गंमत अशी की वाढायचं तर हे ताणलेलं जाळंच मोठं करायला लागतं, तेही आतला माल सांडू न देता. म्हणून बॅक्टेरियाकडे स्वतःची कापणारी एन्झाइम्स असतात, ती जुने धागे थोडे थोडे कापतात, तिथे नवीन धागा घुसतो आणि दुसरं एन्झाइम गाठ मारतं. पेनिसिलिन या गाठ मारणाऱ्याला फसवतं. गाठ मारायची जागा म्हणजे डी-अ‍ॅलानिन या अमिनो आम्लाची जोडी, पेनिसिलिनचं बीटा-लॅक्टम कडं दिसायला तसंच, एन्झाइम त्याला पकडतं आणि तिथेच चिकटून बसतं. कापणारे मात्र थांबत नाहीत! कापणं चालू, बांधणं बंद, शेवटी पाण्याच्या दाबाने बॅक्टेरिया फुटतो. १९५६ मध्ये लेडरबर्ग या शास्त्रज्ञाने ई. कोलाय हे बॅक्टेरिया साखरेच्या घट्ट द्रावणात ठेवून पेनिसिलिन दिलं तर ते फुटले नाहीत, नुसते गोल गोल होऊन राहिले. म्हणजे शेवटचा घाव पाण्याचा.

त्यामुळेच जो बॅक्टेरिया वाढतच नाही, गप्प पडून राहिलाय, त्याला पेनिसिलिन फारसं काही करत नाही. कापणंच नाही तर गाठ कशाला लागणार. आणि मायकोप्लाझ्मा नावाच्या बॅक्टेरियाला मुळात भिंतच नाही, आपल्या पेशींनाही नाही, म्हणून तर अ‍ॅलर्जी सोडली तर हे औषध आपल्याला एवढं सोसतं.

गाठ मारणारं एन्झाइम एकच नसतं बरं का. ई. कोलायमध्ये एक लांबी वाढवायला, एक मधोमध दोन भाग पाडायला, अशी कामं वाटलेली असतात, सेफॅलेक्सिन हे पेनिसिलिनसारखंच औषध मुख्यतः मधोमध भाग पाडणारं अडवतं. मग बॅक्टेरिया वाढत तर जातो पण तुटत नाही, शेवयांसारखे लांबच लांब धागे दिसतात. लघवीच्या सॅम्पलच्या स्लाइडवर असे धागे दिसले की मी विचारतो, मेडिकलमधून आणून गोळ्या चालू केल्यात का? बहुतेक वेळा उत्तर हो असतं, आणि मग कल्चरमध्ये काही उगवलं नाही तर नवल नाही.

आता लेप्टो. लेप्टोस्पायरा इतका बारीक की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, डार्क फील्ड लागतं, पण पेप्टिडोग्लायकन त्यालाही आहे आणि पेनिसिलिन त्याच्यावर चालतं. आजार वाढून अ‍ॅडमिट झालेल्या पेशंटला पेनिसिलिनची इंजेक्शन्स देतात, साधारण १५ लाख युनिट दर ६ तासांनी. दर ६ तासांनी का, तर पेनिसिलिन रक्तात टिकत नाही, अर्ध्या तासात निम्मं संपतं, किडनी भराभर बाहेर टाकते. मळ्यात तरवा लावणाऱ्या बायकांना रोज चार इंजेक्शनं कोण देणार? डॉक्सी भिंतीला हातच लावत नाही, ते रायबोसोमवर बसून प्रोटीन बनवणं थांबवतं, पण ते तोंडाने घेता येतं आणि निम्मं व्हायला १६-१८ तास लागतात. म्हणून जोखमीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम असा डोस ठरलाय. गरोदर बाई आणि लहान मुलांना मात्र ते देत नाहीत, तिथे डॉक्टर दुसरं बघतात.

मग दोन्ही एकदम दिलं तर डबल फायदा, असं कुणाला वाटेल. उलट होऊ शकतं, डॉक्सीच्या जातीची औषधं बॅक्टेरियाची वाढ थांबवतात आणि पेनिसिलिनला तर वाढणाराच बॅक्टेरिया हवा असतो. १९५१ मध्ये अमेरिकेत न्यूमोकोकस या बॅक्टेरियाच्या मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणाची सूज) हे दिसलं, नुसतं पेनिसिलिन घेणाऱ्यांपेक्षा सोबत ऑरिओमायसिन (डॉक्सीच्याच जातीचं औषध) घेणारे जास्त दगावले. सगळ्याच आजारांत असं होतं असं नाही, पण घरात उरलेल्या पट्टीतल्या गोळ्या आपल्याच मनाने मिसळू नका.